टकलं पीच

आमच्या पुतायेंदोत नेक्टरिन कुणी म्हणत नाही,
टकलं पीच म्हणतात.
आमच्या परसात ते पहिल्यांदा लागलं, तेव्हा
शेजारचा म्हातारा क्लोदोमिरो टोपी काढून
स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला,
"माझ्यावर संशय घेऊ नकोस, उबेर्लिंदा,
मी कुंपण ओलांडलेलं नाही."

झाड पीचचंच. पिवळ्या गराचं, केसाळ,
रोसामेलनं लग्नाच्या वर्षी लावलेलं.
एकोणीस वर्षं त्यानं लव असलेलीच फळं दिली,
हनुवट्या खाजेपर्यंत मुलांनी ती खाल्ली.
आणि विसाव्या जानेवारीत, एकाच फांदीवर,
सात फळं, गुळगुळीत, लालभडक,
जणू रात्रीतून कुणी हजामत करून गेलं.

खाण तशी माती म्हणतात.
खाणीबद्दल मला सांगू नका.
माझा नवरा आठवडाभर वर, डोंगराच्या पोटात तांबं फोडतो,
आठवडाभर खाली येऊन झोपतो,
आणि पाटाच्या पाण्याची आमची पाळी
पंधरवड्यातून एकदा, गुरुवारी पहाटे तीनला,
नेमकी तो वर असताना.
फावडं घेऊन दारं मीच धरते.
आळ्यात पाणी शिरताना माती जो आवाज करते,
तहानलेल्या गुरासारखा,
तो एकदा त्याला फोनवर ऐकवला.
तो म्हणाला, लाइन खराब आहे.

ऑगस्टात, कळ्या गुलाबी व्हायच्या आत,
मोरचूद आणि चुना कालवून फवारते.
नाहीतर पानं बोकडतात,
लाल फोड येऊन मुठीसारखी वळतात.
त्याच्या नखांत तांबं, माझ्याही नखांत तांबं.
जेवताना पाव मोडतो तेव्हा
कुणाचं कुठून आलं, कळत नाही.

छाटणी क्लोदोमिरोनं शिकवली.
"जुनं लाकूड फळ धरत नाही, पोरी.
गेल्या उन्हाळ्यात वाढलेली काडीच धरते.
हात राखू नकोस."
मी हात राखला.
विरळणीलाही राखला.
अक्रोडाएवढी झाली की दोन फळांत वीतभर जागा सोडून
मधली खुडायची असतात.
मी एक खुडायची, आणि दुसऱ्यापाशी थांबून राहायची.
डिसेंबरअखेर मोठी फांदी कडाडली.
तीनशेच्या वर कच्ची फळं कोंबड्यांपुढे.
क्लोदोमिरो काही बोलला नाही,
नुसता कोंबड्यांकडे बघत राहिला.

टकली फांदी मात्र वाचली होती.
कोय पुरून उपयोग नाही, म्हातारा म्हणाला,
आतून काय निघेल ते कोयही सांगणार नाही,
केसाळसुद्धा निघेल.
डोळाच भरायला हवा.
फेब्रुवारीत, ऊन कलल्यावर,
त्यानं चाकूची धार मनगटावरच्या केसांवर पाहिली
(त्याचे उरलेत ते तिथंच),
फांदीवरून एक डोळा सालीसकट उचलला,
कुंपणाजवळच्या खुंटाला चीर दिली
आणि आत सरकवला.
एरवी कप धरताना त्याचे हात थरथरतात.
तेव्हा थरथरले नाहीत.
बांधायला रबर मागितलं.
माझ्या केसांचं होतं, ते दिलं.
"झोपलेला डोळा आहे," म्हणाला,
"हिवाळाभर उठवू नकोस."

तिसऱ्या उन्हाळ्यात सहा फळं.
तीन पाखरांनी नेली, एक मी उभ्या उभ्या खाल्लं.
एक क्लोदोमिरोला; दात नाहीत,
पण गालावरून फिरवून त्यानं खिशात टाकलं.
उरलेलं रोसामेलसाठी, ओल्या फडक्यात.

तो रात्री उतरला. बूट न काढताच चावला.
रस कोपरापर्यंत.
"लव नाही याला."
"नाही."
"वर सगळी धूळच असते," तो म्हणाला,
"हाताला असं काही गुळगुळीत लागलं की..."
पुढचं वाक्य त्यानं केलं नाही.
हेल्मेटचा दिवा लावला आणि परसात गेला,
झाड बघायला.
बराच वेळ तो उजेड
भलत्याच झाडाच्या फांद्या चाचपत होता.
मी दारात उभी होते.
लगेच हाक मारली नाही.